सागवानी कुलूप

तमाम जनतेस, विशेषतः लातूर व नांदेड जिल्ह्यांतील सुज्ञ नागरिकांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, लातूर जिल्हा नवा असताना मादक औषधे ठेवण्यासाठी तपासून, लाख लावून, शिक्का मारून मंजूर झालेले एक कुलूप सागवानी लाकडाचे होते. उंची अडीच फूट. किल्लीही लाकडाची. सदर कुलपाने तोवर एकही दार बंद केले नव्हते, कारण मुळात ते कुलूप नव्हते. त्यास सरकारी माणसासमोर कुलूप म्हणणारा इसम प्रस्तुत लेखक होय. हरकत असल्यास आता उशीर झाला आहे.

गंभीरपणा संपला. आता सोनकांबळे बाईंविषयी बोलतो.

बाई आमच्या फार्मसी कॉलेजात औषधी रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली नवा लेक्चरर होतो. हाताखाली म्हणजे खरंच हाताखाली, कारण बाई पावणेसहा फूट उंच होत्या आणि बोलताना हात समोरच्याच्या डोक्यावरून फिरवायच्या. मूळच्या नांदेडजवळच्या लोहा गावच्या. आवाज असा, की वर्गात त्या 'बेंझिन' म्हणाल्या की बाहेर सायकल स्टँडवरचा माणूस दचकायचा.

पाऊस न पडलेली ती वर्षं. कॉलेजला टँकर तीन दिवसांनी यायचा. स्टाफरूममध्ये एक माठ होता आणि टँकर आला की तो भरला जायचा. भरल्याभरल्या तांब्या बुडवून पहिलं पाणी बाई प्यायच्या, सावकाश, सगळ्यांसमोर. दोघातिघांना ते आवडायचं नाही. बाईंना ते माहीत होतं, म्हणून तर पहिलं. एकदा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले की आज मला तहान नाही. बाई म्हणाल्या, "बरं झालं सर. दुष्काळात तुमच्यासारखे लोक पाहिजेत."

प्रयोगशाळेत वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळ्यांना सतत वाहतं पाणी लागतं. नळ कोरडे. प्राचार्यांनी प्रॅक्टिकल बंद करायला सांगितलं. बाईंनी दोन डबे घेतले, एक टेबलावर, एक खाली, मध्ये रबरी नळी. वरचं पाणी खाली आलं की डब्यांची अदलाबदल. तेच दोन डबे पाणी आठवडाभर फिरायचं आणि शनिवारी त्यानंच फरशी पुसली जायची. प्राचार्य बघायला आले, तर बाईंनी त्यांच्याच हातात खालचा डबा दिला आणि म्हणाल्या, उचला, वेळ झाली.

बाईंची एक वही होती. तिच्यात दुखण्याचे शब्द होते. बसमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या ओट्यावर कुणी कण्हताना दिसलं की बाई जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, कुठं दुखतंय? कसं दुखतंय? ठणकतंय, सलतंय, ठसठसतंय, का भगभगतंय? माणूस 'लई दुखतंय' म्हणाला की त्यांना राग यायचा. "नुसतं 'गावाला जायचंय' म्हटल्यावर कंडक्टर तिकीट देतो का? कोणत्या गावाला?" मग माणूस विचार करून सांगायचा. हदगावच्या एका म्हातारीनं सांगितलं होतं की गुडघ्यात मुंग्यांनी वारूळ केलंय. भोकरच्या स्टँडवरच्या हमालानं सांगितलं होतं की कंबर ओल्या दोरीसारखी पिळून राहिली. प्रत्येक शब्दापुढं बाई लाल पेनानं एक खूण करायच्या. गोल म्हणजे मॉर्फिनचं ऐकेल, फुली म्हणजे ऐकणार नाही. 'भगभग'पुढं फुली होती. नसच बिघडली असेल तर मॉर्फिनसारखं मॉर्फिनही हात टेकतं, असं त्या सांगायच्या आणि असं सांगताना त्यांचा चेहरा वैयक्तिक अपमान झाल्यासारखा व्हायचा.

आता कुलूप. ज्यांनी फार्मसी केली नाही त्यांच्यासाठी बाईंच्याच शब्दांत सांगतो. आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात, पेशींच्या अंगावर बारीक खाचा असतात. त्यांना म्हणायचं रिसेप्टर. मॉर्फिनचा रेणू त्या खाचेत जाऊन बसला की दुखण्याची बातमी वर पोचत नाही. खाच म्हणजे कुलूप, मॉर्फिन म्हणजे किल्ली. गंमत अशी, की त्या काळी हे कुलूप कुणी पाहिलेलं नव्हतं. जगात कुणीच नाही. किल्ल्या मात्र पुष्कळ होत्या, कारण औषधं पुष्कळ होती. तेव्हा किल्ल्यांच्या आकारावरून कुलपाचा अंदाज बांधायचा. किल्लीची एक बाजू सपाट, तर कुलपात सपाट जागा असणार. मधून कडी बाहेर आलीय, तर तिथं खोबण असणार. टोकाला नायट्रोजनचा अधिक भार, तर समोर उणा भार असणार. न पाहिलेल्या पायाचं, चपला बघून माप घेणं.

बाईंनी ते कुलूप बनवून घ्यायचं ठरवलं. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, जी वस्तू कुणी पाहिली नाही तिचं मॉडेल कसं करणार? बाई म्हणाल्या, "साहेब, आपलं अनुदानाचं पत्र तरी कुणी पाहिलंय? पण इमारत बांधून राहिलोच ना आपण?"

काम इस्माईल मिस्त्रींकडं गेलं. मिस्त्रींचं दुकान लातुरातल्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत. बुटके, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. ते लाकडाला लाकूड जोडायचे तेव्हा खिळा वापरणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सांधा असा बसला पाहिजे की टक् असा आवाज झाला पाहिजे. टक् वाजलं नाही तर ते सांधा सोडवायचे आणि पुन्हा करायचे. कुलूप झालं, मग किल्लीसाठी बाईंनी कागदावर मॉर्फिनचा रेणू काढून दिला, इंग्रजी टी अक्षरासारखा दिसणारा. मिस्त्रींनी तो कागद फळीवर पालथा टाकून मागून गिरवला, कारण पेन्सिल पुढून उमटत नव्हती. रेणू तयार झाला तो उलटा, आरशातल्यासारखा. कुलपात काही केल्या बसेना. मिस्त्री शरमले, आपण काम फुकट घालवलं म्हणाले. बाई तर आनंदानं दुकानात फिरायलाच लागल्या. खऱ्या मॉर्फिनचा आरशातला भाऊ प्रयोगशाळेत बनवता येतो, अणू तेवढेच, जोडणी तीच, फक्त डावं-उजवं बदललेलं. आणि तो दुखणं रत्तीभर कमी करत नाही. का करत नाही, हे बाई सहा वर्षं खडूनं समजावत होत्या. मिस्त्रींनी ते चुकून सागवानात करून दाखवलं.

मग मिस्त्रींनी सुलटा रेणू केला. तो खोबणीत गेला. टक्.

भांडण झालं ते झाकणावरून. बाईंना कुलपाला बिजागऱ्यांचं झाकण हवं होतं. "झाकण कायकू मॅडम?" मिस्त्रींनी विचारलं. "किल्ली आत जाणार कशी? उघडंच ठेवा." बाई म्हणाल्या, एवढी मोलाची जागा शरीर उघडी टाकेल का? मिस्त्री म्हणाले, नाक उघडंच हाय की. पण बाईंचं पद मोठं, आवाज त्याहून मोठा. झाकण लागलं. वर पेंटरनं लाल रंगात लिहिलं: 'अफू-गटाचे कुलूप'.

बाई एरवी दोन किल्ल्या अ‍ॅप्रनच्या खिशात घेऊन शिकवायच्या. मॉर्फिनच्या नायट्रोजनवरची एक छोटी शेपटी बदलली, की तीच किल्ली कुलपात बसते पण फिरत नाही. स्वतः काम करत नाही आणि खऱ्या किल्लीलाही जागा देत नाही. पोरं पाठ करताना गोंधळायची, म्हणून बाईंनी उदाहरण दिलं: हा रेणू म्हणजे हेडक्लार्क. पुढं परीक्षेत एकानं उत्तरपत्रिकेत खरंच 'हेडक्लार्क' लिहिलं आणि बाईंनी पूर्ण मार्क दिले. त्यांचं खरं स्वप्न वेगळं होतं. मॉर्फिनची किल्ली दुखण्याचं दार उघडते, पण जाता जाता श्वास मंद करते, आतडी बंद करते, सवय लावते. एकच दात घासून अशी किल्ली करायची, जी फक्त दुखण्याला लागेल. आम्ही म्हणायचो, मॅडम, अजून कुणाला जमलं न्हाई. बाई म्हणायच्या, "न्हाई म्हणजे आजपर्यंत न्हाई."

त्याच उन्हाळ्यात इस्माईल मिस्त्री आजारी पडले. कॅन्सर होता आणि तो हाडांत उतरला होता. बाई भेटायला गेल्या, मीही सोबत. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाईंनी वही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मिस्त्रींनी भिंतीवर बोट मागं-पुढं घासलं. मग म्हणाले, "हाडावर रंधा मारून राहिलं कुणीतरी, मॅडम. भुसा निघंपर्यंत."

बाईंनी ते लिहिलं. पुढं गोल केला. इतका दाबून, की कागद फाटला.

मॉर्फिनची इंजेक्शनं लातुरात कुठंच नव्हती. डॉक्टर भला माणूस होता, पण परवाना नव्हता त्याच्याकडं, आणि कायदा नुकताच कडक झालेला. नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडं माल होता. परवाना दाखवा, घेऊन जा. म्हणून बाईंनी अर्ज केला: औषध डॉक्टर देईल, साठा आमच्या कॉलेजात राहील, जबाबदारी माझी. जिल्हा नवा. परवान्याचं कार्यालय तेलगिरणीवरच्या भाड्याच्या खोल्यांत, जुन्या फायली अजून जुन्या जिल्ह्यातच. नव्या खोलीत शिक्का होता पण शाई नव्हती. शाई आली तेव्हा साहेब रजेवर. बाई रोज जाऊन बाकावर बसायच्या. हेडक्लार्क त्यांना बघून फाईल उघडायचा, वाचायचा आणि मिटायचा. "बसलाय," बाई मला येऊन सांगायच्या, "फिरत न्हाई."

शेवटी ठरलं की निरीक्षक येऊन कुलूप बघतील. औषध दुहेरी कुलपात पाहिजे. आमच्याकडं स्टोअरमध्ये लोखंडी कपाट होतं, दोन कुलपांचं. पण निरीक्षक न सांगता आले, आणि त्या दिवशी बाई नांदेडला, स्टोअरची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. निरीक्षक घामानं भिजलेले, चिडलेले. कुलूप दाखवा नाहीतर चाललो, म्हणाले. पुढची पाळी महिन्यानं.

एक महिना. मला मिस्त्रींचा भिंतीकडं वळलेला चेहरा दिसला.

निरीक्षकांची नजर टेबलावरच्या लाकडी मॉडेलवर गेली. लाल अक्षरं. अफू-गटाचे कुलूप. त्यांनी विचारलं, हेच का ते? आणि मी, ज्यानं आयुष्यात वय चोरून बसचं अर्धं तिकीटही काढलं नव्हतं, म्हणालो, "हाव साहेब. कुलूपच हाय."

दुहेरी आहे का, म्हणाले. दोन बिजागऱ्या दाखवल्या. किल्ली? टी आकाराचा मॉर्फिनचा रेणू दाखवला. हे असलं कुलूप मी पाहिलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, अजून कुणीच पाहिलं नाही साहेब. इथवर मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. निरीक्षकांनी झाकणावर लाख वितळवली, शिक्का दाबला आणि पंचनामा लिहिला: 'सागवानी, दुहेरी, सुस्थितीत.' चार दिवसांत परवाना आला. औषध पंचनाम्यात नोंदलेल्या कुलपातच ठेवायचं आणि लाख निरीक्षकांनीच काढायची, अशा अटीवर.

बाईंनी पंचनामा दोनदा वाचला. मी खोटं बोललो का, विचारलं. मी म्हटलं, तुम्ही शिकवलं तेच बोललो. बाईंनी पंचनाम्याची घडी घातली.  मग म्हणाल्या, "दुखणं खरं हाय. औषध खरं हाय. मग मधला कागद तेवढा खोटा कशाला?"

मी समजलो की परवाना परत करायला निघाल्या. पण बाई मिस्त्रींकडं गेल्या. खाटेशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. मिस्त्री हसले, हसल्यानं त्यांना कळ आली, तरी हसले. मग कागद मागितला आणि त्यावर आखून दाखवलं. मागची फळी सोडवून तिला आतून पत्रा मारायचा, भिंतीत बोल्ट, झाकणावर दोन कोयंडे, लाखेला धक्का न लावता. मिस्त्री सांगायचे आणि मी ठोकायचो. मी ठोकलेला पहिला कोयंडा बाईंनी काढून त्यांना दाखवायला नेला. मिस्त्रींनी तो हातात धरला आणि विचारलं, हे मास्तर लेक्चरर हायत का गवंडी? दुसरा कोयंडा बरा झाला. तिसऱ्या दिवशी त्या कुलपाला खरोखरची दोन कुलपं लागली.

मग बाई निरीक्षकांना घेऊन आल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सील केलं ते शिकवायचं मॉडेल हाय. आमच्या माणसानं तुम्हाला अडवलं न्हाई, त्याची चूक. हे नेमकं काय हाय ते तुम्ही विचारलं न्हाई, तुमची चूक. आता पंचनामा फाडायचा असेल तर माझ्यासमोर फाडा. नसेल फाडायचा तर बघा, त्यात लिहिलंय तसं करून ठेवलंय."

निरीक्षक पांढरे पडले. मी त्याहून पांढरा. त्यांनी कोयंडे ओढून पाहिले, बोल्ट हलवून पाहिले. सगळं घट्ट. लाख फोडून झाकण उघडलं, पत्र्यावर बोटानं टकटक केलं. फाडायचं म्हटलं तर स्वतःचीच सही फाडावी लागणार होती. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, हे नेमकं आहे काय?

एवढंच विचारायला नको होतं. पाऊण तास. बाईंनी त्यांना सपाट जागा दाखवली, खोबण दाखवली, उण्या भाराच्या जागी बसवलेली पितळी खुंटी दाखवली. मग दोन्ही लाकडी रेणू हातात दिले आणि म्हणाल्या, बसवा. त्यांनी आधी उलटा घेतला. फिरवला, तिरपा केला, जोर लावला. बसेना. बाईंनी मदत केली नाही. मग दुसरा घेतला.

टक्.

निरीक्षकांनी तो काढून पुन्हा बसवला. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा बसवताना ते किंचित हसले, असं मला वाटतं. कागदावर त्यांनी एकच ओळ लिहिली: 'कुलूप समक्ष तपासले. चालते.'

नांदेडहून इंजेक्शनच्या कुप्या आणायला आम्ही दोघं एसटीनं गेलो. येताना लोह्यापर्यंत जागा नव्हती. बाई डबा छातीशी धरून उभ्या. कंडक्टरनं विचारलं, काय हाय डब्यात? बाईंनी कागद दाखवला आणि म्हणाल्या, किल्ली. त्यानं त्यांना स्वतःची सीट दिली. का, ते आजही मला माहीत नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. बाई घड्याळ बघत बसल्या. वीस मिनिटांनी मिस्त्रींनी भिंतीकडचं तोंड आमच्याकडं वळवलं. बाईंनी विचारलं, मिस्त्री, कसं दुखतंय?

"रंधा ठेवला त्यानं खाली," मिस्त्री म्हणाले, आणि चहा मागितला.

मिस्त्री पुढं थोडेच महिने होते. बाई दर आठवड्याला कुप्या आणि आतडी मोकळी राहायला इसबगोल घेऊन जायच्या. एक किल्ली दोन दारं उघडते, त्यातलं दुसरं दार बंद करायचं कामही आपलंच, म्हणायच्या. बरं वाटत असलं की मिस्त्री जुनं भांडण काढायचे. सगळं बराबर हाय मॅडम, झाकण तेवढं चुकलं आपलं. बाई ऐकायच्या नाहीत. शेवटच्या भेटीतही त्या झाकणावरून भांडल्या आणि मिस्त्री झोपी गेल्यावर तशाच बसून राहिल्या.

पुढं मी नांदेडला बदलून आलो. बाई निवृत्त होऊन तिथंच राहायला आल्या होत्या. वर्षं गेली. पुन्हा एक दुष्काळ आला, तो, ज्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं. त्या उन्हाळ्यात मी एक रंगीत कागद छापून बाईंकडं नेला. त्या कुलपाचं आता खरं चित्र निघालं होतं. क्ष-किरणांनी एकेक अणू मोजून. निघून काही वर्षं झाली होती, पण मला ते उशिरा कळलं.

बाई गॅलरीत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, उंची थोडी वाकलेली, आवाज तोच. मी कागद हातात दिला. त्यांनी भिंग घेतलं. आधी सपाट जागा शोधली, सापडली तशी मान हलवली. मग नायट्रोजनसमोरची उणी जागा. तीही होती, त्यांनी सांगितली होती तशीच. तेव्हा बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू अध्यक्ष अजून समोर उभे आहेत आणि अनुदानाचं पत्र आलं आहे. मग भिंग हळूहळू वर सरकलं, खाचेच्या तोंडाशी. तिथं थांबलं.  खाच वरून रुंद, मोकळी, आभाळाकडं तोंड करून होती. गल्लीत टँकर आला होता, खाली घागरी वाजत होत्या, आणि त्या सगळ्या आवाजावर बाईंचा 'बेंझिन'वाला आवाज चढला, की खालच्या बायकांनी घागरी सोडून वर पाहिलं:

"मिस्त्रीच बरोबर होता की हो. याला झाकणच न्हाई."